उरलेल्या लाकडाचे प्रयोजन

सागाची चौकट किंवा पलंग घडवून झाल्यावर ज्या ढलप्या आणि फळ्यांची जी टोके उरतात, त्यांचे घरात काय करावे, हा प्रश्न वरवर अडगळीचा वाटला तरी मुळात तो प्रयोजनाचा, म्हणजे एखादी वस्तू कशासाठी आहे याचा, प्रश्न आहे. आणि वैदिक कर्मवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेने तो चक्क लाकडाच्याच उदाहरणावर चर्चिलेला आहे.

पशुयागात बळीचा पशू ज्याला बांधतात तो यूप, म्हणजे यज्ञस्तंभ, खैर, पळस किंवा बेल अशा झाडाचा घडवितात, आणि त्याच यागात पशूला तूप माखण्यासाठी स्वरु नावाची एक ढलपी लागते. ही ढलपी मिळविण्यासाठी वेगळे लाकूड तोडावे काय, असा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या चौथ्या अध्यायात येतो, आणि निर्णय असा होतो की यूप तासताना निघणारी पहिली ढलपी तीच स्वरु होय. तोडण्याच्या क्रियेचा प्रयोजक, म्हणजे ती क्रिया करावयास लावणारा हेतू, एकटा यूपच असतो आणि स्वरु त्याच्या ओघात हाती येतो. यूपाच्या माथ्यावर बसणारे चषाल नावाचे कडेही त्याच झाडाच्या उरलेल्या शेंड्यातून करतात. म्हणजे स्तंभाचे शिरोभूषण हे स्तंभाचेच उरलेले लाकूड असते, आणि तरीही त्याला कोणी दुय्यम मानीत नाही.

मीमांसक याखेरीज प्रतिपत्तिकर्म नावाचा एक प्रकार मानतात. काम होऊन गेलेल्या वस्तूची योग्य जागी बोळवण करणे, असा त्याचा अर्थ. सोमयागात यजमान अंग खाजविण्यासाठी वापरतो ते काळविटाचे शिंग शेवटी चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकतात, ते या न्यायाने. खानदेशात धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, जुने घर उतरविल्यावर त्याच्या तुळईचा तुकडा देव्हाऱ्याला किंवा खुंटाळीला लावला जातो, तेव्हा ती अशी बोळवण म्हणावी, की स्वरुसारखे नवे प्रयोजन म्हणावे? दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण यज्ञात ढलपीचे काम विधीने आधीच ठरविलेले असते, तर घरी बसून काही सजावटीचे करू पाहणाऱ्यासमोर विधी नसतो. तेथे लाकडाची गाठ, शिरांचे वळण आणि तुकड्याची लांबी हीच काय होऊ शकेल ते सुचवितात, आणि साध्याने साधन निवडण्याऐवजी साधनच साध्य शोधते. मीमांसेच्या चौकटीत हे बसत नाही, आणि तेथे उणीव चौकटीची आहे.

या उलट्या क्रमाचे सर्वांत ठळक उदाहरण खानदेशातल्याच चाळीसगावात आहे. केकी मूस (१९१२–१९८९) हे पारशी कलावंत रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरातून कित्येक दशके क्वचितच बाहेर पडले. छायाचित्रे, चित्रे, शिल्पे आणि लाकडाचे काम त्यांनी तेथेच केले. त्यांची ख्याती टेबलटॉप छायाचित्रणासाठी आहे, म्हणजे मेजावर किरकोळ वस्तूंची मांडणी करून ती विस्तीर्ण दृश्य भासेल अशा रीतीने टिपण्यासाठी. तेथे वस्तू ज्या कामासाठी बनली ते काम बाजूला पडते आणि तिचा आकार तेवढा उरतो. पूर्वीचे प्रयोजन संपल्याने वस्तू निष्प्रयोजन होत नाही, हे त्यांच्या मेजावर कोणत्याही भाष्यापेक्षा स्पष्ट दिसते.

स्वरुच्या निर्णयाची दुसरी बाजू मात्र आज अधिक टोचणारी आहे. ढलपी तोडीची प्रयोजक नाही, हे तेव्हाच खरे राहते जेव्हा ढलपीसाठी कोणी कुऱ्हाड उचलीत नाही. जुन्या वाड्यांचे कोरीव खांब आणि दारे हल्ली दिवाणखान्याच्या शोभेसाठी विकत घेतली जातात, आणि मागणी वाढली की पडायला आलेला वाडा डागडुजी करण्यापेक्षा उतरविणे मालकाला परवडू लागते. अशा खांबाला उरलेले लाकूड म्हणता येत नाही. तो उरावा म्हणूनच घर पाडलेले असते, आणि जैमिनीच्या भाषेत तोडीचा प्रयोजक आता तोच झालेला असतो.