सुताची साखळी आणि मोहल्ल्याची बैठक

भिवंडीत यंत्रमागावरून कापडाचा तागा उतरतो, तोवर त्याला किती हात लागलेले असतात ते मोजून पाहावे. सूत व्यापाऱ्याचे, तो बरेचदा गुजराती किंवा मारवाडी. सायझिंगमध्ये त्या सुताला खळ चढते, ते बीमवर गुंडाळले जाते आणि मजुरीवर विणायला कारखानदाराकडे जाते. तो बरेचदा मोमीन, म्हणजे मुस्लिम विणकर समाजाचा. मागावरचा कामगार उत्तर प्रदेशचा किंवा तेलंगणाचा. विणलेले कापड पुन्हा व्यापाऱ्याच्या पेढीवर, आणि पैसे उधारीवर. हे सगळे चालते ते शब्दावर.

एकमेकांत इतक्या गुंतलेल्या गावात हिंदू-मुस्लिम दंगल होणारच नाही, असे वाटावे. पण ती झाली. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत ठिणगी पडली. न्यायमूर्ती मादन आयोगाने पुढे तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये गाव पुन्हा पेटले. म्हणजे धंदा वाढला की वैर आपोआप विरते, हा आपला लाडका समज भिवंडीने दोनदा खोटा ठरवला.

असे का व्हावे? धंद्याची गरज पेढीवर भेटते आणि संध्याकाळी आपापल्या मोहल्ल्यात परतते. अफवा फिरते ती मोहल्ल्यात, आणि तिथे व्यापाऱ्याचा शब्द पोचत नाही. शिवाय दंगलीत सगळ्यांचेच नुकसान होते असेही नाही. जळालेल्या दुकानाचे गिऱ्हाईक कुणाकडे तरी जातेच.

१९८४ नंतर काही वर्षांनी पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतले रहिवासी आणि त्या भागातले पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. नळ, गटार, भांडणतंटा अशा रोजच्या गोष्टींवर बोलू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. गरज आधीपासून होतीच. तिला बसायला जागा मिळाली.

दक्षिण आफ्रिकेतल्या उद्योगपतींनाही ही जागा उशिरा सापडली. तिथल्या खाणी वर्णभेदाच्या कायद्यांनी स्वस्त ठेवलेल्या मजुरीवर पोसल्या होत्या. वर्णभेद संपल्यावर, १९९७ मध्ये, सत्य आणि सलोखा आयोगाने उद्योगांची त्याबद्दल स्वतंत्र सुनावणी घेतली. पण त्याआधी या उद्योगपतींपैकीच काहीजण, अँग्लो अमेरिकन या खाणकंपनीचे गॅव्हिन रेली यांच्यासोबत, सप्टेंबर १९८५ मध्ये सरकारचा रोष पत्करून झांबियात गेले आणि बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या ऑलिव्हर टँबो यांना भेटले. पुढे सप्टेंबर १९९१ च्या राष्ट्रीय शांतता करारासाठी चर्च आणि उद्योग यांनी मिळून खटपट केली, आणि वर्णभेद संपवण्याच्या नंतरच्या वाटाघाटींचे कचेरीकाम उद्योजकांच्या एका गटाने सांभाळले. बैठक बोलावणे, टिपणे ठेवणे, ठरल्या वेळी सगळ्यांना समोरासमोर आणणे ही धंद्याची अंगची कला. तीच शांततेच्या कामी आली. जुना नफा त्याने धुऊन निघत नाही, पण ते काम खरेच होते.

आज भिवंडीभोवती मैलोन्मैल गोदामे उभी आहेत. माल देशभरातून येतो, कामगार ठेकेदारामार्फत येतात, मालक दुसऱ्याच शहरात असतो. इथे उधारीची वही नाही, शब्दाची ओळख नाही. मागवाल्यांना निदान एकमेकांची नावे ठाऊक होती. म्हणून या नव्या धंद्याकडे मागणे एकच आहे: ज्या गावाच्या रस्त्यावरून तुमचे ट्रक रात्रंदिवस धावतात, त्या गावाच्या बैठकीला महिन्यातून एकदा तरी तुमचा जबाबदार माणूस पाठवा. गाव शांत आहे तोवर पाठवा. संचारबंदीत बैठक भरत नाही.