शहराच्या हवेची वही

शिंका थांबेनात आणि रात्री छाती घरघरू लागली, की मराठवाड्यात कारण एकच सांगितले जाते: धूळ. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर उडणारी धूळ वेगळी, ज्वारीच्या मळणीत उडणारी वेगळी आणि गादी झटकल्यावर उडणारी तर त्याहून वेगळी. पहिलीत माती आणि धूर असतो. दुसरीत भुसाबरोबर काणीचे आणि इतर बुरशींचे बीजाणू असतात. तिसरीत डस्ट माइट नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या आठ पायांच्या जीवांची विष्ठा असते.

उष्ण कटिबंधातल्या अॅलर्जीच्या अनेक तपासण्यांत हे माइटच सर्वांत पुढे असतात. माणसाच्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्यांचे अन्न. पाणी ते पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून घेतात. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात ते मरगळतात आणि पावसाळ्यात फोफावतात. घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन कडक उन्हात टाकण्याची आपल्याकडची रीत मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. पावसाळा संपताना, माइट ऐन भरात असतानाच ती येते. सोवळ्यासाठी केलेले हे काम श्वासासाठीही होत आले आहे. ते वॉशिंग मशीनच्या भरवशावर सोडून जाड गाद्या वर्षानुवर्षे तशाच ठेवणे हे नुकसानच आहे. घरात माइटखेरीज झुरळांच्या अवशेषांचीही अॅलर्जी होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

घराबाहेर गाजर गवत आहे. भारतात त्याची पहिली ठळक नोंद 1955 साली पुण्यात झाली. आज मोकळा प्लॉट आणि गाजर गवत यांची आपल्या शहरांत जोडीच झाली आहे. त्याने अंगाला खाज सुटते हे सगळे जाणतात, त्याचे पराग नाकालाही छळतात हे कमी जण जाणतात.

यांपैकी कशाची अॅलर्जी आहे हे पाहण्यासाठी त्वचेवर त्या पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने हलके टोचायचे आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांनी गांधी उठते का पाहायचे, ही चाचणी सोपी आहे. कठीण आहे ते तिचा अर्थ लावणे. गांधी उठली म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखते, एवढेच कळते. आजार त्यानेच होतो का, हे ठरवायला तो पदार्थ रुग्णाच्या हवेत केव्हा आणि किती असतो ते कळावे लागते. युरोपातल्या पुस्तकांत बर्च या झाडाच्या परागांची पानेच्या पाने आहेत. वेरूळच्या डोंगरात बर्च उगवत नाही.

आपल्या हवेत काय असते हे शोधण्याचे काम याच शहरात झाले आहे, याचा मला अभिमान वाटतो. मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतले पराग आणि बीजाणू टिपणारे यंत्र सहकाऱ्याबरोबर तयार केले. त्याची माहिती 1970 साली प्रसिद्ध झाली. 'टिळक एअर सॅम्पलर' या नावाने ते देशभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. आत ओढलेल्या हवेतले कण फिरत्या ड्रमवरच्या चिकट पारदर्शक पट्टीवर बसतात. सलग आठ दिवस ते चालते आणि मग कोणत्या वेळी हवेत काय होते, हे सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येते. शेतातल्या रोगांचा अंदाज आणि दम्याचा अभ्यास, दोन्हींना एकच पट्टी उपयोगी पडते.

मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक मात्र धूलिकण आणि वायूच मोजतो. पराग आणि बीजाणू त्यात नसतात. आकडा 'चांगला' दाखवत असताना एखादे मूल रात्रभर बसून श्वास घेत असू शकते. आईबापांनी मग त्या आकड्यावर विसंबायचे कसे?

विद्यापीठ, घाटी रुग्णालय आणि महापालिका यांनी एकत्र येऊन शहराच्या हवेतल्या पराग-बीजाणूंची नोंद दर आठवड्याला मराठीत जाहीर करावी. त्यासाठी लागणारी विद्या या गावाला परकी नाही. तोवर रुग्णांनी एक वही ठेवावी: त्रास कोणत्या दिवशी झाला, कुठे झाला, तेव्हा घरात किंवा शेतात काय चालले होते. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.