मृतांवर हक्क कोणाचा?

डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात आयर्लंडचा सरकारी दफ्तरखाना होता. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाला तोंड फुटल्याबरोबर, स्फोटात आणि आगीत तो बेचिराख झाला. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांच्या याद्या, थोडीफार सुटी पाने वगळता, तिथे जळाल्या. मृत्युपत्रे गेली. अँग्लिकन चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या निम्म्याहून अधिक वह्याही गेल्या. १८६१ आणि १८७१ च्या याद्या तर सरकारने आकडे काढून झाल्यावर आधीच नष्ट केल्या होत्या आणि १८८१ व १८९१ च्या याद्या पहिल्या महायुद्धात रद्दीत निघाल्या. त्यामुळे आयर्लंडची अखंड हाती लागणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची आहे. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. ती सगळी या जनगणनेच्या आधीच पडद्याआड झालेली. त्यांचे वंशज आज जगभर आहेत. एकट्या अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोक स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात आणि त्यातले कितीतरी जण आपला खापरपणजा नेमका कोण, हे उरल्यासुरल्या कागदांत शोधत असतात. या शोधाकडे छंद म्हणून पाहिले जाते. मला त्यात एक नैतिक प्रश्न दिसतो. एखाद्या मृत माणसाला ‘हा माझा’ म्हणण्याचा अधिकार कशाने मिळतो? माझे उत्तर असे की तो पुराव्याने मिळतो, आणि पुरावा जितका असेल तितकाच मिळतो. तो संपतो तिथे दावाही थांबवायला हवा. हा केवळ संशोधनाचा शिष्टाचार झाला, असे मी मानत नाही. त्या मृत माणसाचे आपण काही देणे लागतो, त्यातला हा भाग आहे.

उरलेले कागद कोणी आणि कशासाठी केले, ते आधी पाहू. १८२३ ते १८३७ या काळातली दशांश कराची पुस्तके म्हणजे अँग्लिकन चर्चसाठी शेतकऱ्यांकडून करायच्या वसुलीच्या याद्या. तो कर कॅथलिकांनाही भरावा लागे, म्हणून एखादा कॅथलिक पूर्वज पहिल्यांदा सापडतो तो अनेकदा दुसऱ्याच्या देवळाचा खर्च उचलताना. १८४७ ते १८६४ दरम्यान रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली झालेले जमीन आणि घरांचे मूल्यांकन गरिबांसाठीच्या कराच्या आकारणीकरता होते. त्यात कसणाऱ्याचे नाव आहे, त्याच्या जमीनदाराचे आहे, क्षेत्रफळ आहे, किंमत आहे. बायको-मुले नाहीत, कारण त्यांच्यावर आकारणी नव्हती. कागद फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि प्रश्न विचारणारा असतो सत्ताधारी. कॅथलिक पॅरिशच्या वह्यांचे नशीब मात्र उलटे निघाले. सरकारने त्या कधी आपले दस्तऐवज मानल्या नाहीत, म्हणून त्या फोर कोर्ट्सला जमा झाल्या नाहीत आणि म्हणूनच वाचल्या. २०१५ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या कोणालाही फुकट पाहता येतात. शतकभर ज्यांना राज्याने दाराबाहेर ठेवले, त्यांच्या नोंदी दाराबाहेर असल्यामुळेच टिकल्या.

या कागदांतला मला सर्वांत बोलका वाटतो तो म्हातारपणाच्या पेन्शनचा अर्ज. १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना जानेवारी १९०९ पासून आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली. पण आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. सत्तर वर्षांच्या माणसाने वय सिद्ध करायचे कसे? तेव्हा १८४१ आणि १८५१ च्या याद्या शाबूत होत्या. अर्जदार आईबापांची नावे आणि त्या वेळी कुटुंब कुठे राहत होते ते लिहून देई, दफ्तरखान्यातला कारकून यादी उघडून शोधी, आणि सापडले तर कुटुंबातली माणसे व वये उतरवी, नाही तर ‘सापडले नाही’ असा शेरा मारी. मूळ याद्या जळाल्या, पण हे अर्ज वाचले. जळून गेलेल्या एखाद्या घराची खूण आज कुठे उरली असेल तर ती पाच शिलिंगांसाठी धडपडणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या अर्जावर. ज्यांना यादीतला पुरावाही मिळाला नाही ते ६ जानेवारी १८३९ च्या रात्री झालेल्या महाभयंकर वादळाची आठवण सांगत. ते वादळ आठवते, तर सत्तरी झालीच, हा हिशोब. मग १९११ च्या जनगणनेत बरीच माणसे १९०१ पेक्षा दहाऐवजी बारा-पंधरा वर्षांनी मोठी झालेली दिसतात. त्यांना खोटारडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यांच्या वयावर डोळे मिटून विश्वासही ठेवता येणार नाही. तो आकडा कोणत्या गरजेने लिहिला गेला हे कळल्याशिवाय पणजीचे जन्मवर्ष कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. शोध घेणाऱ्याला एक नाव सापडते, समजा पॅट्रिक रायन. टिपेररी परगण्यात या नावाची माणसे इतकी होती की ग्रिफिथच्या माणसांनाही ओळख पटावी म्हणून नावापुढे कंसात बापाचे नाव किंवा टोपणनाव टाकावे लागले. आयर्लंडमध्ये टाउनलँड नावाच्या साठ हजारांवर छोट्या वाड्या-शिवारे आहेत, आणि नेमकी कोणती हे माहीत नसेल तर नाव हाती असून नसल्यासारखे. तरीही साधारण जुळणारे वय आणि साधारण जुळणारा परगणा एवढ्यावर माणसे पॅट्रिक रायनला आपल्या वंशवृक्षावर चढवतात. कोणी म्हणेल, बिघडले काय? तो तर मेला आहे. मेल्यावर काही जाणवत नाही, म्हणून मृत्यूशी आपले काही देणेघेणे नाही, असे एपिक्युरस म्हणत असे. ॲरिस्टॉटलला मात्र ते इतके सरळ वाटले नाही. वंशजांचे बरेवाईट मृताला काहीच लागत नाही असे म्हणावे का, यावर तो अडखळला आणि थोडेफार लागत असावे अशा कबुलीपर्यंत आला. मी ॲरिस्टॉटलच्या बाजूने आहे, आणि माझा आधार आहे १९११ च्या जनगणनेचा फॉर्म. त्यात विवाहित स्त्रियांबद्दल तीन प्रश्न होते: लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, त्यांतली किती हयात आहेत. एखाद्या रकान्यात दहा आणि पुढच्यात सहा दिसतात. ती चार मुले तिची आहेत. त्यांचे दुःख तिचे आहे. अंदाजाने तिला माझ्या घराण्यात ओढले, तर मी एका खऱ्या बाईचे आयुष्य उचलून भलत्याच नावाला चिकटवतो, आणि माझ्या खऱ्या खापरपणजीला तिच्या स्वतःच्या मुलांपासून तोडतो. तिला कळणार नाही हे खरे. पण मृत्युपत्र मोडले तरी ते करणाऱ्याला कळत नसते, आणि तरी आपण ते मोडणे अन्यायच मानतो. अन्याय होण्यासाठी तो जाणवावाच लागतो असे नाही.

धर्मांनी हा प्रश्न नास्तिकांपेक्षा अधिक गंभीरपणे घेतला आहे, असे मला वाटते. जगातला वंशावळींचा सर्वांत मोठा संग्रह उभा राहिला तो मॉर्मन पंथाच्या श्रद्धेपोटी. हयात नातलगांना मृत पूर्वजांसाठी बाप्तिस्मा घेता येतो आणि तो स्वीकारायचा की नाकारायचा हे मृत आत्मा ठरवतो, अशी ती श्रद्धा. त्यासाठी १८९४ मध्ये स्थापन झालेल्या युटाच्या संस्थेने जगभरच्या नोंदींच्या फिल्म काढल्या, आयर्लंडच्याही आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्याही. २००८ मध्ये व्हॅटिकनने आपल्या बिशपांना पॅरिशच्या वह्या या कामासाठी देऊ नका असे कळवले. भांडण कडवे आहे, पण दोघांमध्ये एक गृहीतक समान आहे: वहीतले नाव त्याच माणसापर्यंत पोहोचते, दुसऱ्यापर्यंत नाही. म्हणजे मॉर्मन श्रद्धेप्रमाणेही चुकीचे नाव हे चुकीच्याच आत्म्याला दिलेले दान ठरते. श्रद्धेला इथे पुराव्याची अडचण वाटत नाही, उलट तो तिला हवाच असतो.

सर्वांत जड आक्षेप वेगळा आहे. पुरावा मागणे म्हणजे ज्यांना नोंदीत जागाच मिळाली नाही त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय नाही का? कॅथलिकविरोधी कायद्यांच्या काळात वह्या ठेवल्याच गेल्या नाहीत किंवा टिकल्या नाहीत, पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशांतल्या तर अनेक वह्या एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात. दुष्काळात रस्त्याकडेला मेलेल्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. बाप्तिस्मा न झालेल्या तान्ह्या मुलांना पवित्र भूमीत जागा नव्हती, म्हणून जुन्या गढ्यांच्या अवशेषांत, शेताच्या बांधाला, ‘किलीन’ म्हणतात त्या निनावी जागी रात्रीबेरात्री पुरले जाई. तिथे दगड आहेत, नावे नाहीत. मग जिथे कागद नष्ट करणारे आणि न लिहिणारे दोन्ही सत्तेतले, तिथे कागदाचाच हट्ट धरणारा सत्तेची बाजू घेत नाही का? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण पुराव्याअभावी सुटतो तो एका विशिष्ट माणसावरचा दावा. त्या टाउनलँडच्या, त्या दुष्काळाच्या सगळ्या माणसांशी असलेले नाते सुटत नाही. ‘माझे लोक यांच्यातले होते’ असे म्हणायला एका नावाची गरज लागत नाही, आणि जिथे नाव नाही तिथे तेच अधिक खरे असते. शिवाय इच्छेने भरलेली पोकळी सत्तेच्या सोयीचीच असते. जिथे नाव बसले, तिथे कागद का नाही असे मग कोणी विचारत नाही.

तोंडी आठवणींचे काय, असेही विचारले जाईल. १९३७ ते १९३९ दरम्यान आयरिश शाळांतल्या मुलांनी गावातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून लाखो पाने लिहून काढली, ती आज पाहायला मिळतात. मी त्यांना पुरावाच मानतो, फक्त कागदाला विचारतो तेच प्रश्न त्यांनाही विचारावेत: कोणी सांगितले, केव्हा, आणि त्यात कोणाचा फायदा होता? पेन्शनसाठी सांगितलेली वादळाची आठवणही अशीच तपासावी लागते. डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात एवढेच की ती नाते सांगते, पण मागच्या पिढीतला नेमका माणूस कोणता, हे कागदाशिवाय क्वचितच सांगते. आणि ज्यांना वाटते की हा सगळा खटाटोप रक्ताच्या बढाईसाठी आहे, त्यांना दहाव्या पिढीत प्रत्येकाला हजारावर पूर्वज निघतात हे गणित पुरेसे उत्तर आहे. त्या गर्दीत बढाई मारण्यासारखे निवडून काढावे लागते आणि निवडणे म्हणजे बाकीच्यांना टाकणे. आजीआजोबांपैकी कोणी आयर्लंडच्या भूमीवर जन्मले असेल तर आयरिश नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. तो हक्क राज्यावरचा आहे, मृतावरचा नाही. दोन्हींची गल्लत होते, म्हणून हे सांगावे लागते.

पुरावा दुबळ्यांच्या बाजूने कसा उभा राहतो ते गॉलवे परगण्यातल्या टूआम गावाने दाखवले. १९२५ ते १९६१ या काळात तिथे अविवाहित मातांसाठी बॉन सेकोर्स भगिनींच्या संस्थेचे आश्रयगृह होते. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास अभ्यासणाऱ्या बाईंनी तिथे मेलेल्या मुलांच्या सरकारी मृत्युनोंदी काढून आणल्या. ७९६ नावे निघाली, आणि आसपासच्या दफनभूमींत त्यांच्या दफनाची नोंद जवळजवळ सापडलीच नाही. त्यांनी यातल्या एकालाही आपले म्हटले नाही. नुसता संशय बोलून दाखवला असता तर तो सहज झटकता आला असता. नाव, वय आणि तारीख असलेल्या ७९६ नोंदी झटकता येत नाहीत. २०१४ मध्ये ही गोष्ट जगापुढे आली आणि २०१७ मध्ये सरकारी आयोगाला जमिनीखालच्या कप्प्यांत मुलांचे अवशेष सापडले. २०२२ च्या कायद्याने दत्तक गेलेल्यांना आपला जन्मदाखला मिळण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यानुसार टूआममध्ये जुलै २०२५ पासून उत्खनन सुरू आहे. ज्या अवशेषांचा डीएनए हयात नातलगांशी जुळेल ते त्या कुटुंबाच्या हाती दिले जातील. ज्यांचा जुळणार नाही, त्यांना कोणाचेही नाव न चिकटवता सन्मानाने पुरले जाईल.