न दिसलेला वाघ

भिलाईच्या जुनवानी भागातून सुटीत मोटार काढावी, कवर्धा व चिल्पीचा घाट ओलांडून कान्हाच्या मुक्की फाटकाशी मुक्काम करावा, पहाटे सहकुटुंब जिप्सीत बसावे. आणि तरीही वाघ दिसू नये, असे पुष्कळदा घडते. मग मुले विचारतात, "पैसे वाया गेले का?" या प्रश्नाचे उत्तर वडीलधाऱ्यांनी विचारपूर्वक द्यावयास हवे.

आपण पैसे मोजतो ते कशाचे? कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९७० च्या गणनेत तेथे अवघे ६६ बारासिंगे उरले होते. आज ते शेकड्यांनी चरतात. त्यांच्यासाठी कुरणे राखली गेली. त्यांतील कित्येक कुरणे एके काळी बैगा व गोंड बांधवांची शेते होती. त्यांची गावे उठली, तेथे गवत वाढले. हे मोल आपल्या तिकिटात धरलेले नाही.

ईयोबाच्या ३९ व्या अध्यायात देव रानबकरी व रानगाढव यांच्याविषयी बोलतो. मनुष्याची चाकरी न करणारे हे प्राणी. तरी देवाला त्यांची काळजी आहे. वाघही आपल्याला दिसावा म्हणून जगत नाही.

तेव्हा मुलांना सांगावे, की वाघ दिसणे हा आपला हक्क नव्हे, ती कृपा आहे. मात्र सृष्टीबद्दल देवाची स्तुती करताना, ज्यांनी आपली शेते सोडली त्यांना न्याय मिळाला काय, हेही विचारावे. त्यावाचून ती स्तुती अपुरीच होय.