घास कुणाच्या हातचा?

लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरीचं ताट वेगळं मांडतात. भोवती रांगोळी, उदबत्त्यांचा वास, जिलबी, मठ्ठा. नवरीच्या हातात जिलबीचा तुकडा असतो आणि चहूकडून बायकांचा गलका सुरू होतो, "नाव घे, नाव घे!" उखाणा झाल्याशिवाय तो घास नवऱ्याच्या तोंडापर्यंत पोचत नाही. सप्तपदी आधीच झालेली असते, पण पाहुण्यांच्या लेखी दोघांचं नातं खरं जुळतं ते या घासाने.

मराठीत 'हातचं' असा एक शब्द आहे. आईच्या हातची भाकरी, आजीच्या हातचं लोणचं, मावशीच्या हातची पुरणपोळी. मायेची एवढी मोठी साक्ष दुसरी नाही. आणि याच शब्दाने याच भाषेत माणसाला दारातून परतही लावलं जातं: "त्यांच्या हातचं आम्हाला चालत नाही." दोन्ही वाक्यांमागे समजूत एकच. रांधणाऱ्याचं, वाढणाऱ्याचं काहीतरी अन्नात उतरतं, असं दोन्ही बोलणारे मानतात. मग काय उतरतं, माया की विटाळ? इथल्या धर्मविचाराने या प्रश्नाची दोन्ही उत्तरं दिली आहेत, आणि ती आजही एकाच स्वयंपाकघरात शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

तैत्तिरीय उपनिषदातला भृगू आपल्या बापाला, वरुणाला, ब्रह्म काय ते विचारतो. तपानंतर त्याला सापडलेलं पहिलं उत्तर म्हणजे अन्न. मग प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद. प्रवचनांतून ही कथा बहुधा इथेच थांबते, आणि अन्न ही खालची, ओलांडून जायची पायरी ठरते. उपनिषद मात्र आनंदापाशी थांबत नाही. तिथवर पोचल्यावर ते पुन्हा अन्नाकडे येतं आणि व्रतं सांगतं: अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, ते भरपूर पिकवावं, दाराशी आलेल्या कुणालाही परत पाठवू नये. ब्रह्म जाणलेल्या माणसाला शेवटी वाढायलाच बसवलं आहे. या शेवटच्या व्रतात जातीची अट नाही.

अट आली स्मृतींत. कुणाचं अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. तीत वैद्य आहे, लोहार आहे, सोनार आहे. ज्याच्या औषधाने माणूस जगतो आणि ज्याच्या फाळाने शेत नांगरलं जातं, त्यांच्याच घरचं अन्न वर्ज्य. हे भृगूच्या व्रताशी कसं जुळवायचं, याचं पटेल असं उत्तर कुठल्याही परंपरेने दिलेलं नाही.

संतांनी हा प्रश्न कथेतून सोडवला. पैठणला एकनाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक शिजत होता. वाटेने जाणाऱ्या महार कुटुंबाला त्याचा वास आला आणि लेकरांच्या तोंडाला पाणी सुटलं. नाथांनी पितरांसाठी रांधलेलं ते अन्न त्यांनाच पोटभर वाढलं. ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक केला, तरी ते जेवायला बसेनात. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवून गेले, असं कथा सांगते. दुसरी कथा चोखोबांची. विठ्ठल त्यांच्या घरी जेवायला बसलेला असताना चोखोबांच्या बायकोच्या, सोयराबाईंच्या हातून त्याच्या पीतांबरावर दही सांडतं. चोखोबा देवाशी बोलताहेत हे ऐकून एक ब्राह्मण त्यांच्या थोबाडीत मारतो, आणि गाल सुजतो तो देवळातल्या मूर्तीचा. या कथा लिहिणाऱ्यांनी आणि शतकानुशतकं ऐकणाऱ्यांनी उत्तर केव्हाच देऊन ठेवलं होतं. देव चोखोबाच्या हातचं जेवतो. तरीही चोखोबांना त्या देवाच्या गाभाऱ्यात जाता आलं नाही, आणि त्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे.

वारीच्या शेवटी, पौर्णिमेला, गोपाळपुरात काला होतो. लाह्या-दही कालवून वारकरी एकमेकांच्या तोंडात घास घालतात. त्या दिवशी हात कुणाचा, हे कुणी विचारत नाही. प्रश्न उठतो तो दिंडी गावी परतल्यावर.

एकोणिसाव्या शतकात काही मराठी माणसांनी ठरवलं की दिंडीत जे चालतं ते घरीही चाललं पाहिजे. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. सभा गुप्त होती. सभासदांनी ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, ही तिथली दीक्षा. आज नाक्यानाक्यावर वडापावात मिळणारा पाव तेव्हा जात तोडण्याचं हत्यार होता! 1860च्या सुमारास सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली.

त्यानंतर तीस वर्षांनी पुण्यातही तेच घडलं. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये शहरातली नामवंत मंडळी व्याख्यानाला जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांची नावं छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. त्या यादीत टिळक होते, रानडेही होते. प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ असलेल्या रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं, आणि सुधारकांनी त्यांना फार बोल लावला. आपल्याबरोबरच्या मित्रांची त्यांच्याच घरात झालेली कोंडी रानड्यांना पाहवली नव्हती. त्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे, पण खरी अडचण तिथे दिसते. जातीचा नियम पाळायला लावणारी माणसं बहुतेक वेळा आपलीच असतात, म्हातारे वडील, सोवळ्यातली आई. त्यांच्यावरच्या मायेपोटीच माणूस दुसऱ्याच्या हातचा चहा नाकारतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हाच चहा वेगळ्या प्रकारे हाती घेतला. वरच्या जातीच्या नोकरांच्या पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळे या त्यांच्या दलित सेवकाला मारहाण झाली होती. महाराजांनी त्याला भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढायला मदत केली. महाराज स्वतः तिथे चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही द्यायला लावत. कायद्याच्या शंभर कलमांपेक्षा ती एक कपबशी कोल्हापूरकरांना जास्त कळली असणार.

आणि महाड. 20 मार्च 1927 रोजी दलितांना बंद असलेल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परिषदेला आलेली माणसं मांडवात जेवत होती. ही माणसं विरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा पसरवून जमाव तिथे चालून आला. माणसांना काठ्यांनी झोडपलं गेलं आणि शिजवलेलं अन्न मातीत मिसळलं गेलं. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या धर्माच्या नावाने हे झालं. त्या दिवसाची आठवण काढताना तळ्याबरोबर ही उधळलेली पंगतही आठवायला हवी.

पुढे समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला दलित जोडपं, प्रसाद झुणका-भाकरीचा, आणि पंगतीला सगळ्या जाती. सहभोजनं गाजली, वर्तमानपत्रांत आली. जुनी माणसं रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार असे दोन शब्द जोडीने वापरत. यातला पहिला हळूहळू सैल झाला. रेल्वे, गिरण्यांची कँटीनं, खानावळी आणि उडप्याची हॉटेलं यांचाही त्याला मोठा हातभार लागला.

बेटीव्यवहार मात्र हलेना. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी 1936 साली लिहिलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी नेमकं हेच दाखवलं. एकत्र जेवणाऱ्या जाती आहेतच, त्याने जात मेलेली नाही. ती मोडायची तर लग्नं व्हायला हवीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडळाने ते भाषण होऊ दिलं नाही, त्यांनी स्वखर्चाने छापलं. 15 एप्रिल 1948 रोजी त्यांनी सारस्वत घरात जन्मलेल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. मधुमेहाने थकलेल्या बाबासाहेबांचं पथ्यपाणी पुढे त्याच सांभाळत होत्या.

2011-12च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास निघालं. चारपैकी एकाहून जास्त घरांनी कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता पाळत असल्याचं स्वतःच सांगितलं. महाराष्ट्राला तर जातीबाहेर लग्न करणाऱ्यांना वाळीत टाकणाऱ्या जातपंचायतींविरुद्ध 2016 साली वेगळा कायदा करावा लागला. वाळीत टाकणं म्हणजे काय, तर लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही, त्यांच्या घरचं जेवायचं नाही. शिक्षा पुन्हा अन्नाचीच.

काला खाणारे हात आणि मुलीचा हात कुणाच्या हाती द्यायचा ते ठरवणारे हात एकाच माणसाचे असतात. उद्या घरातला मुलगा किंवा मुलगी आपलं माणूस घेऊन दारात उभी राहिली, तर आडनाव विचारण्याआधी पान मांडा. त्या पाहुण्याला पोटभर जेवू घाला, आणि पुढच्या खेपेला त्याच्या घरी, त्याच्या आईच्या हातचं जेवायला जा.