डोळा आणि हात
(वाचावे : १ करिंथ. १२:२१)



गणेशपुरीची तानसा नदी वैतरणेस मिळते, व वैतरणा समुद्रास. तेथील खाडीच्या चिखलात बिळे करून राहणारी निवटी तुम्हांस ठाऊकच आहे. इस्राएल लोक ज्यातून पार झाले त्या तांबड्या समुद्राच्या वाळूत निवटीच्याच गोतातील एक लहान मासा राहतो. शास्त्रज्ञ त्यास गोबी म्हणतात. त्याची दृष्टी तीक्ष्ण. परंतु त्याचे बीळ एक कोळंबी खणते. वाळू ढासळते, म्हणून ती दिवसभर उपसत राहते. मात्र तिला फार थोडे दिसते. यास्तव बाहेर येताना ती आपली लांब मिशी माशाच्या अंगास लावून ठेवते. शत्रू दिसताच मासा शेपटी हालवितो; तत्क्षणी कोळंबी आत शिरते, व मागोमाग तोही. रात्री दोघे एकाच बिळात असतात.

आता आपल्या मंडळीकडे पाहू. ज्यास वाचता येते तो मोलमजुरी करणाऱ्या भावास सभेत मागे बसवितो. आणि मजूर म्हणतो, पुस्तकवाल्याशी आम्हांस काय काम? परंतु डोळ्यास हाताची गरज आहे, असे पौल शिकवितो.

उपदेशकांनो, तुमचा आसरा कोणाच्या श्रमाने उभा आहे हे विसरू नका. श्रम करणाऱ्यांनो, सावध करणाऱ्याचा स्पर्श सोडू नका. येत्या प्रभुभोजनापूर्वी, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी जा. प्रभू आपणांस एक शरीर करो. आमेन.