बहर आणि गलबला

टोकियोच्या उएनो उद्यानात मार्चच्या अखेरीस चेरी बहरते आणि माणसांचा पूर लोटतो. झाडांखाली निळ्या ताडपत्र्या अंथरल्या जातात. कचेरीतला सर्वांत नवखा नोकर सकाळपासून जागा धरून बसतो. सायंकाळी वरिष्ठांसह सारी मंडळी जमतात, डबे उघडतात, साके नावाची तांदळाची मदिरा ओतली जाते. या रिवाजाला ‘हानामी’, म्हणजे पुष्पदर्शन, असे नाव आहे. परंतु त्या गलबल्यात फुलांकडे पाहतो कोण? फुलांपेक्षा पिठाचे गोळे बरे, अशा अर्थाची थट्टेखोर म्हण खुद्द जपानी लोकांतच रूढ आहे.

सौंदर्याचा हा उपभोग उथळ म्हणावा काय? चिंतनाला एकांत हवा, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आणि ते खरेच आहे. तथापि प्रत्येक वस्तू एकांतासाठी निर्माण झालेली नसते. टोकियोत सर्वत्र दिसणारी ‘सोमेइ योशिनो’ ही चेरी बी पेरून वाढवीत नाहीत. तिचा वंश कलमानेच चालतो. सारी झाडे जणू एकाच झाडाच्या फांद्या. म्हणून एका परिसरात ती एकदमच फुलतात आणि पूर्ण बहरानंतर सुमारे आठवडाभरात गळू लागतात. ज्याने त्याने आपल्या सवडीने यावे, अशी सोय तेथे नाही. पास्काचा सण तरी कोण आपल्या सोयीच्या आठवड्यात साजरा करतो? आठवे शोगुन तोकुगावा योशिमुने यांनी १७२० च्या सुमारास आसुकायामा टेकडीवर चेरी लावून ती जागा सामान्य जनांना खुली केली. दरबारी मंडळींचा जुना विलास लोकांचा सण होण्यास त्यामुळे मोठाच हातभार लागला.

एक गोष्ट मात्र आम्हांला अस्वस्थ करते. दुसऱ्या महायुद्धात याच फुलाला मरणाचा पाठ देण्याच्या कामी जुंपण्यात आले. चेरी ऐन बहरात गळते, तसे तरुणाने सम्राटासाठी गळून पडावे, असे शिकविले गेले. १९४५ साली शत्रूच्या जहाजांवर आदळण्यासाठी जे विमान वापरले, त्याचे नावच ‘ओका’, चेरीचे फूल. त्याच्या अंगावर ते फूल रंगविलेलेही असे. आत बसलेल्या मुलाला परत येण्याची वाट नव्हती. फूल निर्दोष होते, त्यातून धडा काढणारे नव्हते. (कोमेजते फूल दिसले की मृत्यूवर बोलण्याचा मोह आम्हा प्रवचनकारांनाही आवरत नाही, म्हणून हे जरा जपूनच लिहीत आहोत.)

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ च्या ५ फेब्रुवारीस नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस साथीदारांसह क्रुसावर मरण पावले. तेही मरण अकालीच. पण मरण सुंदर असते म्हणून त्यांनी ते पत्करले नाही. प्रभूला नाकारणे शक्य नव्हते म्हणून पत्करले. हौतात्म्य आणि जीविताची अवहेलना यांतील हे अंतर पुसले गेले, तर धर्मदेखील हिंस्र होतो.

म्हणूनच ताडपत्रीवरचा तो गलबला आम्हांला फुलाचा अपमान वाटत नाही. तेथे कोणी फुलाकडून मरायला शिकत नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याचा पेला भरतो, कारण स्वतःचा पेला स्वतः भरू नये असा तिकडचा शिष्टाचार आहे. फूल जाणार हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्या जाणिवेने ते एकमेकांच्या अधिक जवळ सरकून बसतात. अर्थात जागाही कमीच असते!

२०२० ते २०२२ या काळात साथीमुळे उएनोत पथारी पसरून बसण्यास मनाई होती. झाडे नेहमीसारखीच फुलली, पण झाडांखालच्या पंगती उठल्या होत्या. २०२३ साली ताडपत्र्या पुन्हा अंथरल्या गेल्या. रात्री मेजवानी आटोपली की मंडळी कचरा गोळा करतात, ताडपत्रीवरच्या पाकळ्या झटकतात आणि स्टेशनची वाट धरतात. गळालेल्या पाकळ्या पाण्यावर दाटून तरंगू लागल्या की जपानी लोक त्यांना ‘फुलांचा तराफा’ म्हणतात.